तपासी अंमलदार

आप्पा रहस्यकथा वाचत नाहीत, चालवतात. मंद्रूपच्या वाचनालयातून कादंबरी घरी आली की आधी तिला वर्तमानपत्राचं कव्हर चढतं. मग मागल्या वर्षीच्या डायरीत नोंदी सुरू होतात. मयताचं नाव, वय, धंदा. प्रेत प्रथम कोणी पाहिलं, वर्दी कोणी दिली, पोलीस पाटलाला कळवलं का. प्रेमप्रकरणाची पानं ते थुंकी लावून भराभर उलटतात. पंचनामा आला की मात्र चष्मा पुसतात आणि आत चहाची वर्दी जाते.

नोकरी त्यांची बेलिफाची. सोलापूरच्या कोर्टातून समन्स-नोटिसा घेऊन दक्षिण सोलापूर तालुक्यातली गावं पालथी घालण्यात हयात गेली. इतकी वर्षं कोर्टाचा पगार खाल्ला, पण खटला आतून कसा चालतो हे त्यांनी फारसं पाहिलेलं नाही. ते कायम कुणाच्या तरी उंबऱ्याबाहेर उभे. विद्या कमावली ती तिथंच. ‘मालक घरी न्हाईत’ असं आतून आलं की आप्पा दारातल्या चपला मोजायचे. आवाज एका बाईचा आणि चपलांत मोठ्या मापाचा पुरुषी जोड, टाचेला ओला चिखल. मग आप्पा शांतपणे ओसरीवर बैठक मारून पाणी मागत. तासाभरानं मालक परसातून ‘आत्ताच आलो बघा’ म्हणत उगवायचा.

हीच पद्धत ते कादंबरीला लावतात. ‘पान ६३. घरात माणसं चार, चहा आला पाच कप. पाचवा कोण प्याला?’ लेखकाला त्या कपाची पुढे आठवणसुद्धा राहत नाही, आणि आप्पांना झोप लागत नाही.

हे वेड जुनं. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, नोकरीत एस.टी.ची वाट बघताना गुरुनाथ नाईक, पुढं सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद. अर्नाळकर आणि नाईक, दोघांच्याही रहस्यकथा हजाराच्या वर. त्यातल्या किती वाचल्या, असं विचारलं तर आप्पा आकडा सांगत नाहीत. ‘मिळतील तेवढे खून पचवलेत’ एवढंच म्हणतात. दैवत मात्र कादंबरीतलं नाही. मानवत खून खटल्याचा तपास केलेले रमाकांत कुलकर्णी हे ते दैवत. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात खुनांमागून खून पडत होते आणि मुंबईचा हा अधिकारी तिथं जाऊन बसला. २०२४ साली त्यावर वेब मालिका आली, ती आप्पांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिली. दर पाच मिनिटांनी ‘थांबव, थांबव. ह्यात पंच कुठं हायत?’ असं विचारत गेल्यामुळे नातू दुसऱ्या भागानंतर मोबाइल तिथंच सोडून पळाला.

सध्या त्यांच्या हाती आहे ती कादंबरी एका खेड्यातल्या वीस वर्षांपूर्वीच्या खुनाची. गाव भीमेच्या काठचं, म्हणजे जवळपास आमचंच. फाइल ‘ए समरी’ करून बंद झालेली. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. आता मुंबईहून एक तरुण अधिकारी बाई येते आणि केस पुन्हा उघडते. पहिल्याच प्रकरणात ती टपरीवर चहा घेते आणि दुसऱ्या घोटाला टपरीवाला तिला वीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगून मोकळा होतो.

आप्पांनी पुस्तक मिटलं ते इथं. ‘टपरीवाला बोलायलाय? आमच्या तेरा मैल नाक्यावर जाऊन विचारा की काहीतरी. रस्ता जरी विचारला तरी आधी तुम्ही कुठले, कुणाचे पाव्हणे, हे काढून घेतील. आणि भीमेकाठच्या गावात कन्नड बोलणारा एक माणूस न्हाई?’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘खेड्यात खून कुणी केला हे कोडं नसतंय. प्रेत उचलायच्या आधी पारावर सगळ्यांना ठाऊक असतंय. पंच म्हणून सही कोण करणार, हे कोडं.’

हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. शहरातले लेखक समजतात की खेड्यातली फाइल माहितीअभावी बंद होते. ती सहीअभावी बंद होते. पण आप्पांचे सगळेच मुद्दे या तोडीचे नसतात, हेही नमूद केलं पाहिजे.

उदाहरणार्थ, कादंबरीतला संशयित खत-बियाण्याचा दुकानदार निघाल्याबरोबर त्यांनी गावातल्या खतवाल्याशी बोलणं टाकलं. युरियाचं पोतं लांबच्या दुकानातून आणलं. खतवाल्यानं अखेर रस्त्यात गाठलं.

‘आप्पा, काय चुकलं आमचं?’

‘तपास चालू हाय. आत्ता काही बोलता येत न्हाई.’

खतवाला अनुभवी. म्हणाला, ‘चालू द्या. पण खुनी दुसरा निघाला तर मागची उधारी तेवढी द्या.’

पान १४० वर खतवाला सुटला आणि संशय कंपाउंडरवर गेला. त्या आठवड्यात आप्पांनी खोकला अंगावर काढला. काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी शेवटचं पान वाचून ठेवलं होतं. भाकरी थापता थापता त्या नुसतं हसत, आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हणायची आप्पांची छाती होत नसे. न जाणो, रागाच्या भरात नाव सांगून टाकायच्या.

लेखकानं कलमातही घोळ घातला होता. वीस वर्षांपूर्वीच्या खुनाला त्यानं १०३ लावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम १०३ झालं, हे खरं. पण गुन्हा जुना असेल तर कलमही जुनंच, ३०२. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द बोलणं, हे कळल्यापासून आप्पांच्याच भावना दुखावलेल्या आहेत. ‘अख्ख्या हिंदी सिनेमानं घासून घासून उजळलेला आकडा, तो असा वाया घालवला!’

शेवटी खुनी सापडला. सरपंचाचा भाऊ. मे महिन्यात, भर दुपारी, उभ्या ज्वारीत दबा धरून बसला होता म्हणे. बाईंनी पुरावे मांडले, त्यानं कबुली दिली, गावानं सुस्कारा सोडला. आप्पांनी सोडला नाही.

‘मे महिन्यात ज्वारी?’ ते ओसरीवर उभेच राहिले. ‘आपल्याकडं मालदांडी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. फेब्रुवारी-मार्चला काढून, मळून, कडबा रचून मोकळं रान. मे महिन्यात त्या शिवारात उंदीर लपायचा न्हाई, सरपंचाचा भाऊ लपला? माणूस निर्दोष हाय. कबुली मारून घेतलेली हाय.’

काकू म्हणाल्या, ‘अहो, ऊस असंल.’

‘पान १८. गावात पाणी न्हाई, टँकर येतोय, असं लिहिलंय.’ आप्पांनी डायरी उघडून दाखवली. काकूंचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा मावळलं.

तेव्हापासून पुन्हा उघडलेली ती केस आप्पांनी पुन्हा उघडलेली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७३(८)खाली पुढील तपास करता यायचा, तो ते करतात. पाचव्या कपाचा धागा आता त्यांना फार महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाची मुदत केव्हाच उलटली. वाचनालयाचा पोरगा सायकल टेकवून दारात येतो, ‘आप्पा, चार लोक थांबलेत पुस्तकाला, द्या की,’ म्हणतो.

आप्पा आतूनच सांगतात, ‘मुद्देमाल हाय तो. कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत न्हाई.’