निवलेला चहा, शंभर रुपये

सिंधुदुर्गातल्या तोंडवलीत पाहुण्यापुढचा चहा निवला, तर आजवर तो घरच्या बाईचा अपराध समजला जाई. "च्या निवलो मरे, परत गरम करून हाडतंय," म्हणत ती कप उचलून आत पळायची. आता हाच अपराध मुद्दाम करायचा, त्यात बर्फ टाकायचा, लिंबाची चकती ग्लासाच्या काठाला खोचायची आणि वर शंभर रुपये घ्यायचे, असं पर्यटनाचं नवं शास्त्र सांगतं.

सुरूच्या बनाजवळच्या एका होमस्टेत हे शास्त्र लागू झालं आहे. मुंबईच्या पुतण्याने पडवीत मेनूकार्ड टांगलं: साधा चहा २०, आइस्ड टी १००. सगळी वाडी जिला काकी म्हणते त्या मालकीणबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. सिलिंडर जाळून चहा गरम ठेवला की त्याची किंमत ऐंशी रुपयांनी उतरते, हे काही त्यांच्या पचनी पडेना. पुतण्या म्हणाला, "काकी, हे व्हॅल्यू अ‍ॅडिशन." काकींनी गॅस बंद केला.

या पेयाचं श्रेय अमेरिकेला जातं, पण त्यात आपलाही हात आहे. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे साहेब हिंदुस्थानी चहाची जाहिरात करायला उभे होते. उकाडा असा की गरम चहाकडे कुणी फिरकेना. साहेबांनी तो बर्फावर गार केला आणि लोकांची झुंबड उडाली. गोष्ट झकास आहे, म्हणूनच निम्मीच खरी. त्याआधी पंचवीस वर्षं, १८७९ मध्ये, व्हर्जिनियातल्या एका पाककृतींच्या पुस्तकात थंड चहाची कृती छापून आली होती. म्हणजे साहेबांनी शोध लावला नाही, फक्त गाजावाजा केला. आपल्या पर्यटन खात्यात त्यांची सहज वर्णी लागली असती.

तर आपल्या मळ्यांतला चहा परदेशी जाऊन गार झाला आणि आता पाकिटातली भुकटी होऊन मालवणच्या बाजारात परत आला आहे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, असा नियम आहे. बहुतेक पाकिटांवर पहिला मान साखरेचा. चहाचा अर्क शोधायला चष्मा लागतो. पुतण्याने अशी पाकिटं खोक्याने आणली होती. काकींनी एक चाखलं आणि उरलेली मुंग्यांपासून वाचवायला डब्यात बंद केली.

घरी करायचाच असेल तर तो असा करावा. रोजची कडक भुकटी घेऊ नये. ती दुधासाठी जन्मलेली असते, दुधाविना गार केली की नुसती कडू लागते. पानाचा चहा घ्यावा. लिटरभर पाणी उकळून गॅसवरून उतरवावं, त्यात चार-पाच चमचे पत्ती टाकून तीन-चार मिनिटं झाकावं आणि गाळावं. बर्फ वितळून पाणी वाढणारच, म्हणून थोडा दाट ठेवावा. साखर गरम असतानाच विरघळवावी. नंतर ढवळत बसलात तर ती तळाशी बसून तुमची मजा बघते. फ्रीजमध्ये घाईने ढकलू नये, आधी बाहेर निवू द्यावा. एकदम गार केला की चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटतात आणि चहा गढूळ होतो, अगदी पहिल्या पावसातल्या गड नदीसारखा. तसं झालंच तर उकळत्या पाण्याची एक धार सोडावी, निवळतो. लिंबू पिळल्यावर रंग फिका पडतो, त्याला भेसळ समजू नये. याहून आळशी उपाय म्हणजे पत्ती गार पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी गाळणे. कडवटपणा कमी, गॅस शून्य. काकींना हा प्रकार पटला.

अडलं ते बर्फापाशी. या किनाऱ्यावर बर्फ येतो तो बांगड्यासाठी, माणसासाठी नव्हे. खाण्यालायक नसलेला बर्फ निळा रंगवावा, असा फतवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला; त्यामुळे निदान कागदावर तरी मासे आणि पर्यटक वेगळे ओळखता येतात. घरचा फ्रीजर सुरमईच्या ताब्यात असतो आणि तिच्या शेजारी जमलेल्या खड्यांना तिची आठवण राहतेच. शिवाय वारा सुटला की वीज जाते आणि आइस्ड टी पुन्हा वीस रुपयांवर येतो.

पुतण्या हरणारा नव्हता. त्याने दुसरी ओळ लिहिली: 'हँडपिक्ड ऑर्गॅनिक लेमनग्रास आइस्ड टी, १५०'. हे लेमनग्रास म्हणजे न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळवाशेजारी माजलेला गवती चहा. हँडपिक्ड यात खोटं काही नाही. काकींनी विळ्याऐवजी हाताने उपटला.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तोंडवली-वायंगणीच्या सड्यावर तर 'सी वर्ल्ड' प्रकल्प येणार येणार म्हणून वर्षानुवर्षं बैठका, विरोध आणि घोषणा झाल्या. अथांग समुद्राच्या काठी काचेच्या टाकीत समुद्र दाखवायचा होता! तो काही अजून आला नाही. पण ज्या परसात रातांब्याची सोलं वाळतात, तिथे साखरेची लिंबू-चहा भुकटी मागवण्यामागचं डोकं तेच. आंबट, लालबुंद, गार आणि बिनचहाचं कोकम सरबत इथे कुणी विकायचं पेय मानतच नाही. ते आल्यागेल्याला फुकट द्यायचं. फुकट मिळतं म्हणून पाहुणा त्याचा फोटो काढत नाही.

मे महिन्यात पुण्याच्या एका कुटुंबाने चार आइस्ड टी मागवले. नेमकी वीज नव्हती. काकींनी माठातल्या पाण्यात कोकमाचं आगळ, साखर आणि चिमूटभर जिरेपूड घातली, चार ग्लास भरले, लिंबाच्या चकत्या मात्र नियमाप्रमाणे खोचल्या. मंडळींनी फोटो काढले, आणखी चार मागवले. जाताना बाईंनी विचारलं, "कुठला चहा वापरता हो?"

"घरचो," काकी म्हणाल्या आणि आठशेचं बिल पुढे केलं.