शाबितीची जबाबदारी

अमेरिकेतल्या एखाद्या लॉ स्कूलमध्ये पाहुणा संशोधक म्हणून जायचं ठरलं, की तिथली मंडळी तुमच्याबद्दल एकच गोष्ट गृहीत धरतात: तुम्ही संशोधन कराल. बाकी काहीही कुणी गृहीत धरत नाही. तुम्ही खाणार काय, झोपणार कुठं, आजारी पडलात तर पैसे कोण भरणार, मेलात तर नेणार कोण आणि जगलात तर परत जाणार ना, हे सगळं ज्याचं त्यानं कागदोपत्री शाबीत करायचं.

मी पुण्यात पुराव्याचा कायदा शिकवतो. माझ्या संशोधनाचा विषयही नेमका तोच होता: शाबितीची जबाबदारी कोणावर असते? तिथं पोचायच्या आतच उत्तर मिळालं होतं. माझ्यावर.

निमंत्रणाचं पत्र मोठं गोड होतं. पहिल्या परिच्छेदात माझ्या येण्यानं त्यांना किती आनंद होणार आहे ते. दुसऱ्यात मानधन नाही, प्रवासखर्च नाही, राहायची सोय नाही, बसायला स्वतंत्र खोली नाही. ग्रंथालयाचं कार्ड मात्र मिळेल. लग्नाला अगत्य यावं आणि येताना जेवून यावं, अशातला प्रकार. तरी पत्र घेऊन मी मोठ्या रुबाबात प्राचार्यांकडे गेलो.

"तिकडे शिकवणार काय?" सरांनी विचारलं.

"शिकवायचं नाही सर, संशोधन करायचंय."

"पगार?"

"नाही."

"मग इथं काय वाईट चाललंय?"

याला उत्तर नव्हतं. सरांनी शिफारस केली, फाइल पुढे सरकली आणि एका टेबलावर जाऊन विसावली. ती तिथं विसावलेली असताना १ जुलै २०२४ उजाडला आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफनसाहेबानं लिहिलेला १८७२ चा पुरावा कायदा रद्द होऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दीडशे वर्षांहून जास्त टिकलेला कायदा गेला, फाइल हलली नाही. मी सगळा प्रस्ताव पुन्हा टाइप केला. शाबितीच्या जबाबदारीचं कलम १०१ होतं, त्याचं १०४ झालं, आत मजकूर बराचसा तोच. नव्या कलमांची सवय करून घेत वकील मंडळी अजून हॉटेलात एकमेकांना आकडे विचारतात.

पुढचा टप्पा जे-१ व्हिसासाठी लागणाऱ्या डीएस-२०१९ या फॉर्मचा. तो लॉ स्कूल देते, पण खिशात खर्चाइतके पैसे आहेत हे पटल्यावर. मग सीएचं सर्टिफिकेट, फ्लॅटचं मूल्यांकन, बायकोच्या मुदत ठेवी. बायको बँकेत आहे, त्यामुळे आमच्या घरात बारीक अक्षरातलं तीच वाचते. सेविस नावाच्या यंत्रणेत आपलं नाव घालण्याचे २२० डॉलर वेगळे, व्हिसाचे १८५ वेगळे. आपल्यावर नजर ठेवण्याचा खर्चही आपणच द्यायचा, ही कल्पना पोलीस खात्याला अजून सुचलेली नाही, हे नशीब.

विम्याचा कागद मात्र सगळ्या घरानं मिळून वाचला. या व्हिसावर जाणाऱ्याकडे कमीत कमी किती विमा हवा, हे अमेरिकी नियमातच लिहिलेलं आहे. दर आजाराला किंवा अपघाताला १,००,००० डॉलर. आजारी माणसाला उपचारासाठी हलवायचं झालं तर ५०,०००. आणि पार्थिव मायदेशी पाठवायला २५,०००.

"म्हणजे जिवंत हलवायला पन्नास आणि नुसतंच आणायला पंचवीस," बायको म्हणाली.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. ते काम मामानं केलं. आई दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "एवढे पैसे ते देतायत का आपण?" आपण, हे कळल्यावर तिचा सगळ्याच प्रकरणावरचा विश्वास उडाला.

त्याहून बहारीचा नियम जोडीदाराचा. जे-१ व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला जे-२ मिळतो आणि अर्ज करून तिला तिथं नोकरीचा परवाना घेता येतो. अट अशी, की तिची कमाई कुटुंबाच्या करमणुकीला, सांस्कृतिक कार्यक्रमांना, त्यासाठीच्या प्रवासाला वापरता येते. पण नवऱ्याला पोसायला ती लागणार असेल, तर परवाना मिळत नाही. बायकोनं ती ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली. मग पुन्हा एकदा वाचायला लावली.

"अहो, म्हणजे माझ्या पैशानं मी नाटकाला जायचं, आणि तुमच्या पोळीभाजीचं तुम्ही बघायचं?"

"कायद्याचा हेतू तसा..."

"किती समजूतदार लोक आहेत!" असं म्हणून तिनं ते पान फ्रिजवर चिकटवलं. नोकरीचा परवाना तिनं कधी काढला नाही. नियम मात्र पुण्यात त्याच दिवसापासून लागू झाला.

मुलाखतीसाठी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जायचं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(ब) मी आधीच पाठ केलं होतं. समोर येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघालाय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानं पटवायचं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे खुनाच्या आरोपीलाही याच्या उलट वागवतात. परत येण्याचे पुरावे म्हणून मी जाडजूड फाइल नेली होती: सातबारा, आईचं वय, कायम नोकरीचा आदेश, मुलाच्या शाळेची फी.

काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "काय शिकवता?"

"पुराव्याचा कायदा."

"छान," तो म्हणाला, आणि पासपोर्ट ठेवून घेतला. फाइलची नाडीसुद्धा सुटली नाही. एवढा पुरावा आणि एकही कागद दाखल नाही! पहिल्याच तारखेला समोरच्यानं दावा सोडून दिल्यावर वकिलाची जी अवस्था होते, त्या अवस्थेत मी बाहेर पडलो.

माझं लॉ स्कूल बोस्टनमध्ये. तिथं घरभाड्याचे बहुतेक करार ३१ ऑगस्टला संपतात आणि १ सप्टेंबरला नवे सुरू होतात. म्हणजे अर्धं विद्यार्थीशहर एकाच दिवशी घर बदलतं. नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हवरच्या बुटक्या पुलांखाली सामानाचे ट्रक दरवर्षी नेमानं अडकतात, आणि ऑल्स्टन भागातल्या फुटपाथवर खुर्च्या, टेबलं, दिवे यांचा एवढा ढीग पडतो की लोक त्या दिवसाला ऑल्स्टनचा ख्रिसमस म्हणतात. गाद्या उचलायच्या नाहीत, ढेकूण असतात, हे मला तिथल्या एका मराठी काकूंनी आधीच फोनवर बजावलं होतं.

मॅसॅच्युसेट्सचा भाडेकायदा वाचून मला गहिवरून आलं होतं. घरमालकानं सुरुवातीला काय घ्यायचं, तर पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं, एका महिन्याइतकी अनामत आणि नव्या कुलूप-किल्लीचा खर्च. अनामत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि तिच्यावर व्याज द्यायचं. अनामतीवर व्याज! आमच्याकडे ती रंगकामाच्या नावाखाली परतच येत नाही. पण या सोन्यासारख्या कायद्याच्या दारात क्रेडिट स्कोअर नावाचा पहारेकरी बसलेला असतो. मी घरमालकाला अभिमानानं सांगितलं, की मी आयुष्यात कुणाचं एक पैसा कर्ज घेतलेलं नाही. माझ्या वडिलांनी हे वाक्य ऐकून पाठ थोपटली असती. त्यानं चेहरा असा केला, की जणू मी तुरुंगातून सुटून आलोय. शेवटी त्या काकूंच्याच तळघरात राहिलो. करार तोंडी, अट एकच: फोडणी देताना खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो.

ग्रंथालयाबद्दल तक्रार नाही. 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'चे जे खंड आमच्या कॉलेजातून कुणीतरी वाचायला नेले ते नेलेच, ते तिथं ओळीनं उभे होते. मुंबई हायकोर्टाचे निकाल वाचायला मी एवढ्या लांब आलो होतो, हे आईला कळवलं नाही.

परत निघताना कॉलेजच्या कार्यालयाची ईमेल आली: रजा मंजूर व्हायला तिथल्या उपस्थितीचं प्रमाणपत्र हवं, सही आणि गोल शिक्क्यासह. सही लगेच मिळाली. शिक्का मात्र त्यांच्याकडे नव्हताच. असा असतो तरी कशाला, असं तिथल्या बाईंनी मनापासून विचारलं. हुद्द्याची सही असताना कुणी शंका का घेईल? दीडशे वर्षांचा पुरावा कायदा शिकवूनही मला ते समजावता येईना. अखेर त्यांनी ग्रंथालयातून एक गोल शिक्का शोधून आणला आणि मोठ्या उत्साहानं उमटवला. त्यावर लिहिलं होतं: संदर्भासाठी. ग्रंथालयाबाहेर नेऊ नये.

पुण्यात मी तो कागद हेडक्लार्क भाऊसाहेबांसमोर भीत भीत ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि आवक-जावकच्या पोराला हाक मारली.

"घे रे आवकला. शिक्का आहे. आणि सर, झेरॉक्सवर तुमची स्वतःची सही करून द्या, खरी प्रत म्हणून."