कबुतरं मोकळी, डोकं जड

ऑगस्ट 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर दाणे टाकणं थांबवायला महापालिकेने घातलेली ताडपत्री जमावाने टराटरा फाडली आणि अख्खी मुंबई पक्षितज्ज्ञ झाली. इकडे जीवदया, तिकडे ‘कबुतराच्या विष्ठेने मेंदूला बुरशी लागते’ असे फॉरवर्ड.

फॉरवर्ड अगदीच थापा नव्हत्या. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाळलेल्या विष्ठेत मजेत नांदते. कबुतराला तिचा त्रास नाही. त्याचं अंगच 41-42 अंश तापलेलं, तिथे तिची डाळ शिजत नाही. धुळीबरोबर ती आपल्या फुप्फुसात उतरते. धडधाकट माणूस बहुधा तिला तिथेच गप्प बसवतो. एचआयव्ही, अवयवरोपण किंवा दीर्घकाळच्या स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती खचली असेल, तर मात्र ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. शिवाय ती झाडांच्या ढोलीतही असते. म्हणजे कुणाच्या डोक्यातली बुरशी कुठल्या कबुतराची, हे सिद्ध होणं कठीण. दाणे टाकणाऱ्याचं पुण्य बिनबोभाट जमा!

आजारही मुखदुर्बळ. आठवडेच्या आठवडे डोकं ठणकतं, अंगात कणकण. घरचं निदान तयार: पित्त. आधी मोरावळा, मग चष्म्याचा नंबर. मान आखडेलच असंही नाही. शेवटी डॉक्टर म्हणतात, पाठीतलं पाणी काढून तपासू. झालं! ‘पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ म्हणणारे एक काका प्रत्येक वॉर्डाबाहेर नेमलेलेच असतात. आत सुईला उभी काचेची नळी जोडतात. पाणी 20 सेंटिमीटरच्या आसपास थांबावं, ते 25 ओलांडून चढतच राहतं. ते काढून डोक्यातला दाब उतरवणं हा इथे उपचारच असतो. त्यावर जीव आणि नजर अवलंबून. काका तोवर सही अडवून बसलेले.

औषध ओळखीचं आहे. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीसाठी नातेवाईक ज्याच्या कुप्या शोधत वणवण फिरले, तेच अँफोटेरिसिन. एचआयव्हीबाधितांसाठी 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना त्याचा एकच मोठा डोस आणि पुढे गोळ्या सुचवते. त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे रक्ताच्या थेंबावरची पट्टी. सीडी-4 या प्रतिकारशक्तीच्या पेशी शंभराखाली गेलेल्यांत ती बुरशीला मेंदू गाठण्याआधीच पकडू शकते. आपल्या जिल्ह्याच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात ती पट्टी आहे का, एवढं विचारायला दोन्हीकडच्या शूरवीरांना सवड नाही.