येथे लघवी करू नये (मिश्र माध्यम)

आमच्या चाळीतल्या पेंटरकाकांनी हयातभर भिंती रंगवल्या. निवडणुकीत ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’, पावसाळ्यात ‘पाणी साचू देऊ नका’ आणि बारमाही ‘येथे लघवी करू नये’, ही त्यांची साहित्यसंपदा. फ्लेक्स आला आणि काकांनी ब्रश धुऊन ठेवला, तो ठेवलाच. परवा त्यांना काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत घेऊन गेलो. निमंत्रणपत्रिकेवर ‘रस्त्यावरच्या भिंतींशी संवाद’ असं छापलेलं होतं. काकांना वाटलं, काम मिळतंय.

आत साक्षात आमची गल्ली उभी होती. पोपडे सुटलेली भिंत, अर्धवट फाटलेली पोस्टरं, गंजकं शटर, त्यावर स्प्रेने मारलेली अगम्य अक्षरं. ओल तेवढी नव्हती, कारण एसी होता. काकांनी नखाने टोकरून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “प्लायवर पुट्टी मारून मग पोपडे काढलेत रे. आपल्याकडे फुकट निघतात.”

कोपऱ्यात ओळखीचं वाक्य दिसलं, तसे काका थबकले. “‘लघवी’ला पहिली वेलांटी?”

क्युरेटरबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, “ती चूक नाही काका, तो हस्तक्षेप आहे.”

“असं होय! माझ्या एका हस्तक्षेपाचे नगरसेवकाने साठ रुपये कापले होते.”

तसं पाहिलं तर रस्त्यावरच्या चित्रांचा बाजार मांडायचा हा धंदा जुनाच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कीथ हेरिंग जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींतल्या काळ्या कागदावर खडूने चित्रं काढायचा. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलं, पण गडी ऐकेना. पुढे त्याचं नाव झालं, लोक ते कागद सोलून नेऊन विकू लागले आणि त्याने खडू खाली ठेवला. पोलिसांना जमलं नाही, ते बाजारभावाने करून दाखवलं.

लंडनमध्ये २०१८ साली बँक्सी या भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराचं फुगेवाल्या मुलीचं चित्र लिलावात दहा लाखांहून अधिक पौंडांना गेलं. हातोडा पडताच चौकटीत दडवलेलं यंत्र सुरू झालं आणि अर्ध्या चित्राच्या चिंध्या लोंबू लागल्या. बाजाराला चपराक बसली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. बाजाराने गाल चोळला आणि २०२१मध्ये त्याच चिंध्या १ कोटी ८५ लाखांहून अधिक पौंडांना विकल्या. आमच्या बोहारणीला हे कळलं, तर ती जुन्या साडीवर भांडं देण्याऐवजी मागेल.

खरा खमक्या निघाला तो इटलीचा ब्लू. त्याच्यासारख्यांची रस्त्यावरची चित्रं भिंतीवरून उतरवून बोलोन्याच्या प्रदर्शनात मांडायचं ठरलं, तेव्हा २०१६ साली त्याने त्या शहरातली आपली सगळी भित्तिचित्रं करड्या रंगाने स्वतःच पुसून टाकली. वीस वर्षांचं काम! आपल्याकडे पोरं पळवून नेतात म्हणून कैऱ्या उतरवतात. याने झाडच तोडलं.

आपल्या मुंबईत २०१७ साली ससून डॉकच्या गोदामांत भित्तिचित्रं आणि मांडणशिल्पं झाली, तेव्हा कोळणींचे भलेमोठे चेहरे तिथेच झळकले. नाकाला रुमाल लावून का होईना, माणसं गोदीपर्यंत गेली. बोंबील होते तिथेच राहिले. त्यांना कुणी ‘मिश्र माध्यम’ म्हणून काचेत ठेवलं नाही. एरवी आपल्याकडे १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. म्हणजे विनापरवाना रंगवलेली भिंत बाहेर असली तर विद्रूपीकरण, आत आणली तर पांढरी वाइन आणि चीजचे तुकडे.

या विचारात मी गुंतलो होतो, तेवढ्यात आरडाओरडा झाला. सवयीने काकांच्या कानामागची पेन्सिल हातात आली होती आणि पहिल्या वेलांटीची दुसरी झाली होती! रखवालदाराने दंड धरला. क्युरेटरबाईंनी भिंतीकडे धाव घेतली आणि खोडरबर मागवला. अख्ख्या प्रदर्शनात परवानगीशिवाय भिंतीवर उमटलेली रेघ काय ती तेवढी एकच, आणि महापालिकेला वर्ष लागतं ते काम गॅलरीने दीड मिनिटात उरकलं. भिंतीशी संवाद तिथेच संपला.

बाहेर फुटपाथवर मी दिलगिरी व्यक्त केली. काकांना वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं. ते कटिंग फुंकत म्हणाले, “वेलांटीचं सोड. मला एक सांग, त्या एसीत, त्या रखवालदारासमोर, त्या भिंतीवर करणार आहे कोण?”

“कुणीच नाही.”

“मग लिहिलंय कशाला?”