पडद्यावरची कोरी जागा

दुर्बिणीला कॅमेरा लावून काढलेला फोटो संगणकावर उघडायचा, त्यावर तारकासूची चढवायची, आणि सूचीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती, प्रत्येक दीर्घिकेभोवती बारीक वर्तुळ उमटलं की फोटोतला कुठला ठिपका कोण ते ओळखायचं, हे काम आता कुणालाही घरबसल्या करता येतं. पन्नास वर्षांपूर्वी त्यासाठी काचेच्या प्लेटा, भिंगं आणि जाडजूड छापील सूच्या लागत. या सोयीचं मोल मी जाणतो, म्हणूनच तिच्यातल्या एका दोषाची तक्रार करतो आहे. जिथे वर्तुळ येत नाही तिथे ते का आलं नाही, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

त्या जागी खरोखरच नोंदण्याजोगं काही नसेल. किंवा सूची करणाऱ्या दुर्बिणीने आकाशाचा तो भाग कधी पाहिलाच नसेल. किंवा सूचीत नोंदी भरपूर असतील, पण सॉफ्टवेअरने त्यातल्या थोड्या घेऊन बाकीच्या सोडून दिल्या असतील. नाहीतर नोंदी ज्या दूरच्या सर्व्हरवर आहेत तिथून उत्तरच आलं नसेल. इतक्या वेगळ्या गोष्टी, आणि पडद्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. हजेरीपटात मूल गैरहजर असणं आणि त्या दिवशी हजेरीच न घेतली जाणं यांत फरक असतो, आणि तो मास्तरांना लिहून ठेवावा लागतो. आकाशाच्या बाबतीत तो लिहायची गरज या सॉफ्टवेअरांना वाटत नाही.

पुण्यात बसून याचा त्रास फारसा जाणवत नाही. तो जाणवतो भोर-वेल्ह्यात, कारण आकाश पाहायचं तर पुण्याच्या माणसाला तिकडेच जावं लागतं. चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं, की शहराचा उजेड हळूहळू पाठीमागे, ईशान्येला राहतो. राजगड-तोरण्याच्या पलीकडे, केळद आणि मढे घाटाच्या बाजूला गेलं की तो आणखी खाली जातो. भोरवरून हिर्डोशीमार्गे वरंध घाटाकडे निघालं तरी तेच. पण ज्या डोंगरांनी पुण्याचा उजेड अडवला, तेच डोंगर मोबाईलची रेंजही अडवतात. अंधार चांगला मिळाला, की इंटरनेट गेलं म्हणून समजावं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या मनात मात्र आकाश पाहणारा माणूस कायम वेधशाळेच्या इमारतीत, केबलला जोडलेल्या संगणकासमोर बसलेला असतो. सूची संगणकात नसते. फोटोतल्या चौकोनापुरती ती त्या त्या वेळी सर्व्हरकडून मागवली जाते. रेंज असेल तर दोन क्षणांत वर्तुळं उमटतात. रेंज अर्धवट असेल तर कोपऱ्यातलं चक्र बराच वेळ फिरत राहतं, मग थांबतं, आणि फोटो होता तसा राहतो. मागणी पोचली नाही असं कुठेही लिहून येत नाही. वेल्ह्याच्या बाजूला एकदा एक शाळकरी मुलगा शेजारी उभा राहून हे सगळं पाहत होता. चक्र थांबलं तसं त्याने विचारलं, "हितं काय न्हाई व्हय, सर?" पडद्याने त्याला जे दाखवलं त्याचा त्याने लावलेला अर्थ अगदी बरोबर होता. पडदा चूक होता.

काही साधनं अडचण सांगतात, पण ती अशा तऱ्हेने की न सांगितलेलं बरं. गडद पडद्याच्या मधोमध एकाएकी पांढरीशुभ्र चौकट उघडते आणि जोडणी झाली नाही असं कळवते. माणसाचे डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो, आणि पांढरा उजेड तो सराव क्षणात मोडतो. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्याचाही मोडतो. म्हणून आम्ही लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटिन कागद चिकटवतो. मग दुसरीच अडचण उभी राहते. लाल कागदातून हिरवा आणि निळा प्रकाश बाहेर येत नाही, आणि सूचीच्या वर्तुळांसाठी नेमके हेच रंग ठेवायची अनेकांना हौस आहे. कोरी जागा दिसायला हे आणखी एक कारण झालं. वर्तुळं तिथे असतात, सूचीही बरोबर असते, पण ती दिसत नाहीत. रंग बदलता येतो हे खरं, पण त्याची खूण मेनूच्या तिसऱ्या थरात असते, आणि रात्री मैदानात उभं राहून तिथवर पोचताना पुन्हा एक पांढरी चौकट उघडते.

खरी खंत याच्या पुढची आहे. भोरला उभं राहिलं की उत्तरेकडचं आकाश पुण्याने घेतलेलं असतं, पूर्वेला शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांचा उजेड असतो. चांगलं उरतं ते दक्षिणेचं आकाश. आणि भोरचा अक्षांश आहे जेमतेम 18 अंश, त्यामुळे दक्षिणेकडे आपल्याला जितकं खोल पाहता येतं तितकं युरोपातल्या कुणाला जमत नाही. अगस्त्याचा तारा आपल्याकडे क्षितिजापासून 19 अंश वर चढतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा आणि तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिणेला 24 अंशांवर येतो. चांगल्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनी धुरकट ताऱ्यासारखा दिसतो, आणि लहानशा दुर्बिणीतूनही असा दिसतो की पाहणारा दुर्बिणीपासून हलत नाही.

त्याच्या फोटोवर स्लोन सर्वेक्षणाची सूची चढवली तर एकही वर्तुळ येत नाही. पॅन-स्टार्सची चढवली तरी येत नाही. स्लोनची दुर्बीण न्यू मेक्सिकोत आहे आणि तिचं काम बहुतांशी उत्तरेच्या आकाशाचं. पॅन-स्टार्स आहे हवाई बेटांवर, आपल्यापेक्षा फक्त अडीच अंश उत्तरेला, पण त्या सर्वेक्षणाने उणे 30 अंश क्रांतीच्या (म्हणजे आकाशातल्या अक्षांशाच्या) खाली जायचं नाही असं ठरवलं होतं. ओमेगा सेंटॉरी आहे उणे 47 वर. सर्वेक्षण कुठे थांबवायचं हा ते करणाऱ्यांचा अधिकार आहे, आणि जे केलं ते फार मोठं आहे. पण सीमारेषा दाखवायला काय हरकत आहे? लाखो ताऱ्यांचा गुच्छ पडद्यावर समोर दिसत असताना त्याच्यावर शून्य नोंदी असलेली सूची निमूटपणे ठेवायची, आणि 'हा भाग या सूचीत नाही' ही साधी ओळ लिहायची नाही, याला काय म्हणावं?

सर्वेक्षणांच्या यादीत आपल्या पुणे जिल्ह्याचंही एक नाव आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. 2010 ते 2012 या काळात तिने 150 मेगाहर्ट्झला आकाशाचं सर्वेक्षण केलं. पुढे त्या सगळ्या निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया करून सूची प्रसिद्ध झाली, तिच्यात 6 लाख 20 हजारांच्या आसपास रेडिओस्रोत आहेत. हे सर्वेक्षण उणे 53 अंशांपर्यंत गेलं. खोडदवरून तो भाग क्षितिजापासून 18 अंशच वर येतो, तरीही त्यांनी तो घेतला. एकूण आकाशाचा नव्वद टक्के भाग त्यात आला. भोरच्या दक्षिण आकाशात ही सूची बरीच दूरवर साथ देते. पण सूच्यांच्या लांबलचक मेनूत ती स्लोन आणि पॅन-स्टार्सच्या शेजारी त्याच टाइपात बसलेली असते. कुठली सूची माझ्या फोटोच्या जागेपर्यंत पोचते आणि कुठली पोचत नाही, हे एकेक चढवून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

कापलेल्या सूचीची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे वर्तुळं येतात आणि म्हणून विश्वास बसतो. गाइया उपग्रहाच्या 2022 सालच्या सूचीत सुमारे 181 कोटी नोंदी आहेत. आकाशगंगेच्या पट्ट्यातला छोटासा तुकडा मागवला तरी हजारो ताऱ्यांची यादी येते, आणि सामान्य लॅपटॉप तिथेच गोठतो. तेव्हा मर्यादा हवीच. स्ट्रासबर्गच्या 'व्हिझिए' या सूचीभांडारात ती सुरुवातीला 50 ओळींची असते, पण ती तिथे उघड दिसते आणि बदलताही येते, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते न सांगता कापणाऱ्यांबद्दल. फोटोच्या मध्यभागी वर्तुळांची दाटी, कडेला एकही नाही, आणि कडेचे तारे अनोळखी की वगळलेले, याचा पत्ता नाही.

सूचीच्या स्वतःच्या उणिवाही असतात, आणि त्या करणाऱ्यांनी कधी लपवलेल्या नाहीत. व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, गाइयाच्या सूचीत नाही. त्या उपकरणांना तो झेपण्यापलीकडे तेजस्वी आहे. ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यात तारे इतके दाट आहेत की नेहमीच्या पद्धतीने ते वेगळे मोजता आले नाहीत, म्हणून तिथे सूची विरळ होती. मग खास पद्धतीने घेतलेल्या प्रतिमांवर काम करून ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच परिसरातल्या 5 लाख 26 हजारांहून अधिक नव्या ताऱ्यांची नोंद प्रसिद्ध झाली. तोवर त्या गाभ्यातल्या विरळ वर्तुळांकडे पाहून कुणी म्हणालं असतं की तिथे तारे कमी आहेत, तर दोष पाहणाऱ्याला देता आला नसता.

वर्तुळ येतं, पण भलत्या जागी येतं, असंही होतं. भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा दरवर्षी दहा विकलांहून जास्त सरकतो. पालोमार वेधशाळेच्या पहिल्या सर्वेक्षणाच्या प्लेटा 1950च्या दशकातल्या, गाइयाच्या सूचीतल्या जागा 2016 सालच्या. जुन्या प्लेटेवर नवी सूची तशीच ठेवली तर तारा आणि त्याचं वर्तुळ यांत दहा कलांहून जास्त अंतर पडतं, म्हणजे चंद्रबिंबाचा तिसरा हिस्सा. वर्तुळाच्या आत काळोख, आणि थोड्या अंतरावर बिननावाचा तारा. सूचीत ताऱ्याची गती दिलेली आहे, फोटोच्या फाइलीत तारीख आहे. गुणाकार करून वर्तुळ सरकवणं हे संगणकाचंच काम. ते होत नसेल तर निदान दोन्ही वर्षं शेजारी शेजारी लिहावीत.

हे सगळं क्षुल्लक वाटेल. पण हौशी निरीक्षकाच्या हातून विज्ञानात भर पडते ती बहुधा याच वाटेने. 19 मे 2023 रोजी जपानमधल्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला सप्तर्षीजवळच्या एम 101 या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. दोन कोटी प्रकाशवर्षांहून दूर फुटलेला तो सुपरनोव्हा होता, आणि पुढे कित्येक आठवडे जगभरच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या. असा ठिपका भोरच्या एखाद्या मुलीच्या फोटोतही येऊ शकतो. तिला पहिला प्रश्न पडेल तो हाच, की याच्याभोवती वर्तुळ नाही, म्हणजे हा नवा आहे का? त्या एका प्रश्नासाठी तर सूची चढवायची. तिथे कोऱ्या जागेचे चार अर्थ होत असतील, तर एक तर ती उगाच धावपळ करेल, नाहीतर चार वेळा फसल्यावर पाचव्या वेळी खरा ठिपका सोडून देईल. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

उपाय नव्याने शोधायचा नाही. कोणत्या सूचीने आकाशाचा कोणता भाग झाकला आहे याचा नकाशा एका छोट्या फाइलीत ठेवायची रीत आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघटनेने 2014 मध्येच ठरवून दिली. तिला 'मॉक' म्हणतात. आकाशाच्या प्रतिमा लहान लहान तुकड्यांत साठवायची 'हिप्स' ही पद्धत 2017 मध्ये मान्य झाली, आणि ते तुकडे स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. स्ट्रासबर्गचं 'अलादिन' हे आकाश पाहायचं सॉफ्टवेअर या दोन्ही पद्धती वापरतं. पुण्याला तर या कामाची ओळखही जुनी आहे. आयुका ही खगोलसंस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी आभासी वेधशाळेच्या भारतीय प्रकल्पात 'व्होप्लॉट' हे सूच्यांचे आलेख काढणारं साधन तयार केलं होतं, आणि ते स्ट्रासबर्गच्या साधनांना जोडलं गेलं होतं. सॉफ्टवेअर लिहिणारी हजारो माणसं ज्या शहरात राहतात, तिथून केळद एका संध्याकाळच्या अंतरावर आहे.

तेव्हा ज्यांनी कुणी असं साधन लिहायला घेतलं असेल त्यांना माझी विनंती आहे. फोटोच्या खाली एक ओळ कायम ठेवा. सूची कोणती, कोणत्या सालची. हा भाग तिच्यात येतो की नाही. सर्व्हरचं उत्तर आलं की नाही. आलं असेल तर पूर्ण की कापलेलं. अक्षरं मंद ठेवा, आणि लाल कागदातूनही वाचता येतील अशी ठेवा. आणि हे जमलं की नाही ते ऑफिसात तपासू नका. एप्रिलच्या अमावास्येला केळदच्या रस्त्याकडेला लॅपटॉप उघडा, ओमेगा सेंटॉरी पडद्यावर आणा, रेंज नसताना त्याच्यावर सूची मागवा, आणि खाली काय लिहून येतं ते वाचा.