आवृत्ती तेविसावी

आमच्या शिवाजी पेठेत नमुन्यांना तोटा नाही. तालमीतले आहेत, फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवरून घसा बसवून येणारे आहेत, मिसळीचा कट कुठला खरा यावरून भावाशी बोलणं टाकलेलेही आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत एकीची भर पडली: घरशाळावाली आई. करोनात घराघराची शाळा झालीच होती. पुढं शाळा उघडल्या तशी बाकीच्यांनी पोरं दप्तरासकट परत केली. हिनं ठेवून घेतली.

ही लांबूनही ओळखू येते. केसांत पिनेच्या जागी स्केचपेन असतं. ‘पोरगं कितवीत?’ असं कुणी सहज विचारलं की ती दीड श्वास घेते आणि ‘आमच्याकडं इयत्ता नसते, वयोगट असतो’ इथून सुरुवात करते. विचारणारा भाजीवाला असेल तर मेथीची जुडी तशीच हातात धरून ऐकत राहतो. आणि ती वेळ ‘सव्वानऊ’ अशी कधी सांगत नाही. तिचं सगळं नऊ वीस, नऊ चाळीस. एसटीच्या कंट्रोलरला हेवा वाटावा.

आमच्या शेजारच्या वहिनी त्यांतल्याच. मुलं चार. थोरला १३ वर्षांचा, मधली १०, तिच्या पाठचा ७ आणि शेंडेफळ ४. चौघांना एकाच स्वयंपाकघराच्या परिघात, एकाच वेळी, चार वेगळ्या गोष्टी शिकवायच्या म्हणजे वेळापत्रक आलंच. ते सोप्याच्या भिंतीवर असतं, लॅमिनेट केलेलं. थोरल्याचा रकाना निळा, मधलीचा हिरवा, सातवाल्याचा लाल. शेंडेफळापर्यंत रंग संपले म्हणून त्याचा पेन्सिलीनं. पेन्सिलीचं खोडता येतं हे त्यानं लॅमिनेशनच्या आधीच हेरलं.

एका सकाळी मी पेपर परत द्यायला गेलो आणि नऊ वीसचा तास बघायला मिळाला. कागदावर असं होतं: थोरला बीजगणित, स्वयंअध्ययन. मधली मराठी व्याकरण, आईसोबत. सातवाला सातचा पाढा, दादाकडून. शेंडेफळ मातीकाम. यात थोरला एकाच वेळी दोन ठिकाणी लागतो, हे मी भीत भीत दाखवलं. वहिनी म्हणाल्या, “काका, ही पद्धतच आहे. मद्रासला एका स्कॉटिश पाद्र्यानं आपली पोरं वाळूत अक्षरं गिरवताना बघितली आणि थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायची युक्ती विलायतेला नेली. अँड्र्यू बेल त्याचं नाव.” वहिनींचं वाचन दांडगं. इतक्या वाचनाला वेळ कुठल्या रकान्यातून काढतात, हे मात्र मला अजून सापडलेलं नाही. थोरल्याला बेलसाहेब मान्य होते, पण त्यानं दर लावला होता: एका पाढ्यामागं सायकलच्या दोन चकरा. सातवाला आतापर्यंतचे पाढे उधारीवर शिकला होता.

व्याकरणाच्या टोकाला लिंगविचार चालला होता. मधलीनं पुस्तकातून मान वर केली. “आई, ‘मी करतो’ म्हणजे पुल्लिंग ना?”

“व्हय.”

“मग तू काल म्हटलीस, मी भाकरी करतो.”

वहिनी थांबल्या. कोल्हापूरच्या बाईला हा प्रश्न म्हणजे खिंडीत गाठणंच. पण त्या डगमगल्या नाहीत. “पुस्तकात ‘करते’ लिही, घरात ‘करतो’ म्हण. आणि आता तू हे वाच, मी आलो…” एवढ्यात ‘पाणी आलंऽऽ’ अशी बोळातून हाळी आली. मोटर, टाकी, पिंप, दोन घागरी आणि शेंडेफळाचा मातीचा हत्ती पाटाखाली, या क्रमानं तो तास निकालात निघाला. नळाला वेळापत्रक नसल्यानं वहिनींची कितीतरी वेळापत्रकं वाहून गेली आहेत. त्या चिडत नाहीत. रात्री पोरं झोपली की नवीन आवृत्ती काढतात. माझा आपला अंदाज असा, की वहिनींना मनापासून आवडणारा तास तोच. चारही रकाने समोर, कुणी प्रश्न विचारत नाही, आणि उद्याचा दिवस अजून बिघडलेला नाही.

मध्यंतरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल वाचून झालं. कोसबाडला त्यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरगं शाळेत येत नाही तर शाळा कुरणात. वहिनींनी लगेच सायंकाळी सहाचा तास गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर हलवला. आता तिथं म्हशी आधीच हजर असतात, तेवढाच फरक. थोरल्यानं लिटरचा हिशेब करायचा, मधलीनं गवळ्याची मुलाखत घ्यायची, सातवाल्यानं म्हैस काढायची, म्हणजे चित्र, आणि शेंडेफळानं निरीक्षण. शेंडेफळानं डोळ्यांदेखत पिळलेल्या फेसाळ दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून निरीक्षण केलं. ओठावर पांढरी मिशी आली. मुलाखतीत मधलीनं म्हशीचं वय विचारलं. गवळी म्हणाला, “वय कशाला इचारायचं? वेत इचारायचं. ही दुसऱ्या वेताची हाय.” कट्ट्यावरच्या त्या दिवशी थोरल्याचा हिशेब चुकला, चित्रातल्या म्हशीला पाच पाय आले. धडा चोख बसला तो एकट्या शेंडेफळाला. रविवारी पुण्याहून आत्या आल्या. त्यानं उंबऱ्यातच त्यांना विचारलं, “आत्या, तू कितव्या वेताची?”

तेव्हापासून कट्टा ‘ऐच्छिक’ झाला.

मलाही या शाळेत नोकरी आहे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस दिसला की घरशाळावाली आई त्याला सोडत नाही. “काका, मंगळवारी तुमचा तास लावलाय मी, व्यवहारज्ञान. येतासा न्हवं?” असं म्हणून त्यांनी मला अकरा वीसला अडकवून टाकलं. मी चक्रवाढ व्याज शिकवलं. चौघांनी मन लावून ऐकलं, याचंच मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं.

कारण तोवर आबांचा डबा सुरू झाला होता. आबा म्हणजे वहिनींचे सासरे, शाहू महाराजांचं नाव काढलं की बसल्या जागी सावरून बसणारे. त्यांना ही घरशाळा सुरुवातीपासून पटली नव्हती. “सूनबाई, १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेला धाडलं न्हाई तर बापाला म्हयन्याला एक रुपया दंड. त्या वेळचा रुपया! महाराज असते तर तुझ्या चौघांचा हिशेब काय झाला असता?” वहिनी म्हणाल्या, “आबा, आताच्या कायद्यात हक्क पोराचा हाय, शाळेचा न्हाई. आणि राज्याच्या मुक्त विद्यालयातनं पाचवी, आठवी, दहावीची परीक्षा देता येतीय की.” आबांनी वाद घातला नाही. बिस्किटांचा रिकामा डबा आणला, झाकणाला चीर पाडली आणि फर्मान काढलं: तास बुडवेल त्याला एक रुपया.

गंमत अशी, की पोरं तास बुडवत नव्हती. पोरं जागेवर असायची. कुणी पाढे म्हणत, कुणी एकमेकांना चिमटे काढत, पण जागेवर. तास बुडायचे ते बाईंचे. पाणी आलं, एक रुपया. पाहुणे आले, एक रुपया. कुकरची शिट्टी मोजायला गेल्या, एक रुपया. थोरला खतावणी ठेवायचा. महिन्याच्या विसाव्या दिवशी बाईंच्या नावावर ३९ झाले. आबा पान जुळवत म्हणाले, “इशारा पातळी.” महिनाअखेर ४३ भरले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. “धोका पातळी.” पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे दोन आकडे झोपेत विचारले तरी येतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की कान टवकारायचे, ४३ ला सामान माळ्यावर.

वहिनींनी मुदत मागितली. मुलांनी दिली, पण माझ्या मंगळवारच्या तासाप्रमाणं, चक्रवाढीनं. मला बोलावून वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, “काका, सरळ व्याज शिकवता आलं नसतं का?”

परवा तेविसावी आवृत्ती लागली. दूधकट्टा नाही, मद्रासपद्धत गुरुवारपुरती, शेंडेफळाला शेवटी जांभळा रंग मिळाला आहे. एक वाजून दहा मिनिटांनी एक नवा, पाच मिनिटांचा रकाना आहे. त्यात चारही रंगांत मिळून एकच शब्द लिहिलाय: दंडवसुली. त्या तासाला चौघंही न हाक मारता हजर असतात. आबा तर पाच मिनिटं आधीच येऊन बसतात.