लिफ्टमध्ये नऊ आशीर्वाद!

अहो, ऐकलंत का? हल्ली शिंकायचीसुद्धा चोरी झालीय! परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला एक साधी, घरगुती शिंक आली. तर तिघांचे तीन ‘ब्लेस यू’! त्यातला एक दुसरीतला चिमुरडा. मला, साठीच्या बाईला, हा आशीर्वाद देणार! मी ‘थँक्यू’ म्हणतेय तोच दुसरी आली, मग तिसरी. पाचवा मजला येईस्तोवर माझ्या खात्यात नऊ आशीर्वाद आणि घशात नऊ थँक्यू. नाक पुसायला सवड कुठली?

हेच लोक बरं का, 2020 साली मी जिन्यात नुसती नाकाशी रुमाल नेला तरी दार लावून घेत होते!

आमच्याकडे कसं सुटसुटीत होतं. पोर शिंकलं की आजी ‘शतायुषी हो’ म्हणायची. कुणी बोलत असताना शिंक आली की ‘सत्य आहे!’ म्हणून मोकळं व्हायचं. निघताना कुणी शिंकलं तर चपला काढून, घोटभर पाणी पिऊन मग पाऊल बाहेर. आणि तपकीर ओढून मुद्दाम सात-सात शिंका काढणाऱ्या आजोबांना? त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे.

आता म्हणाल, हे ‘ब्लेस यू’ म्हणजे साहेबाचं खूळ. छे हो! रोमचा सम्राट तिबेरियस एक नंबरचा तुसडा. पण रथात बसून शिंकला तरी लोकांनी त्याचं शुभ चिंतलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानं लिहूनच ठेवलंय.

आणि आपल्याकडे? विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, तर याची अख्खी चौकशी आहे! खुद्द बुद्धांना प्रवचनात शिंक आली. भिक्खूंनी ‘चिरंजीव व्हा’चा असा गलका केला की प्रवचनच अडलं. बुद्ध म्हणाले, असं म्हटल्यानं कुणी जगतो का मरतो? झालं, बंदी! पुढे शिंकलेल्या भिक्खूंना गृहस्थ ‘दीर्घायुषी व्हा’ म्हणायचे आणि हे आपले गप्प. लोक कुरकुरायला लागले. अखेर बुद्धांनीच सांगितलं, संसारी माणसांना शुभ बोलण्याची हौस असते, द्या बाबांनो उलट ‘चिरंजीव’. आता बुद्धांना जिथे माघार घ्यावी लागली, तिथे सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव आणून काय होणार?

माझं म्हणाल तर शिष्टाचार एकच. शिंकणाऱ्यानं कोपरात शिंकावं, ऐकणाऱ्यानं गुपचूप रुमाल पुढे करावा. ते इंग्रजी आशीर्वाद माझ्या तोंडातून मेले तरी निघायचे नाहीत, असं मी काल शेजारणीला बजावत होते, तर नेमके आमचे हे आतून शिंकले.

‘ब्लेस—’ अर्धं निघालंच हो! पण शेजारीण त्याआधीच टाळी देऊन म्हणाली, ‘सत्य आहे!’